येवार: नेणे की वागवणे?

प्रश्न असा: ‘येवो त्रेस मेसेस आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल’ या स्पॅनिश वाक्याचा अर्थ पुस्तकात ‘मी तीन महिने स्पॅनिश शिकतोय’ असा दिलाय. कोशात तर ‘येवार’ म्हणजे ‘नेणे’. मग इथे कोण काय नेतंय?

कोणी काही नेत नाहीये. तीन महिने अंगावर आहेत, एवढंच. मला येवारच्या सगळ्यांत जवळचं वाटतं ते आपलं ‘वागवणे’. पाऊस नसताना दिवसभर छत्री वागवतो ना, त्यातलं. चष्मा असणे, दाढी असणे, अंगात निळा सदरा असणे, सगळीकडे येवार चालतं. (सदरा अंगात चढवणे मात्र ‘पोनेर्से’.) वर्षंही अशीच वागवायची. ‘मि एर्मानो मे येवा सिन्को आन्योस’ म्हणजे भाऊ माझ्याहून ५ वर्षांनी मोठा.

मूळ लॅटिन ‘लेवारे’, म्हणजे हलकं करणे, उचलणे. त्यामागचा ‘लेविस’ म्हणजे हलका, हा आपल्या ‘लघु’चा नातलग. ओझ्याच्या क्रियापदाचं कूळ हलकेपणात निघावं, ही गंमतच.

शाकाहारी मंडळींनी ‘येवा उएवो?’ पाठच करून ठेवावं: यात अंडं घातलंय का? स्पेनमध्ये ‘तोर्तिया’ मागवलीत तर बटाट्याचं जाड ऑम्लेट समोर येईल. मक्याची पोळी मिळते ती मेक्सिकोत. आणि ‘पारा येवार’ म्हणजे चक्क आपलं ‘पार्सल’.

आपली खरी फजिती होते ती सरळसाध्या ‘नेणे’तच. मैत्रिणीनं जेवायला बोलावलंय, फोनवर मी सांगते, ‘येताना श्रीखंड आणते.’ म्हणून स्पॅनिशमध्ये ‘आणणे’चं ‘त्राएर’ वापरून ‘त्राइगो’ म्हटलं की चुकलं. तिथे ‘येवो’, म्हणजे ‘नेते’. बोलताना मी माझ्या घरात उभी आहे आणि श्रीखंड इथून निघणार आहे. मराठीत आपण मनानं आधीच तिच्या दारात पोचलेले असतो; स्पॅनिश माणूस स्वतःच्या पायाखालची फरशी सोडत नाही. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली की आपण ‘आले, आले!’ म्हणतो. तिथली मुलगी ओरडते ‘बोय!’, म्हणजे शब्दशः ‘जाते!’. मी कित्येक महिने ‘त्राइगो’च म्हणत होते. समोरच्याला कळायचं सगळं, फक्त तो क्षणभर माझ्या हातांकडे बघायचा.