कोटिंग: लेप, मुलामा की थर?

प्रश्न असा आला आहे: लक्ष्मी रोडवर चष्मा करायला गेलं की ‘अँटी-ग्लेअर कोटिंग हवंय का?’ असं विचारतात. या कोटिंगला मराठीत लेप म्हणावं, मुलामा म्हणावं की विलेपन?

माझं मत ‘थर’. लेप लावतात, तो ओला असतो आणि इकडेतिकडे जाड-पातळ झाला तरी चालतो. मुलामा देतात तो खालचं झाकायला. सोन्याचा मुलामा दिल्यावर आतलं पितळ दिसायला नको असतं. तांबट आळीत भांड्याला कल्हई करतात ती आंबट आमटी कळकू नये म्हणून.

भिंगावरचा प्रकार निराळा आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर चढवला, की थराच्या वरून आणि तळातून परतणाऱ्या हिरव्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध पडतात. परावर्तन दीड टक्क्याच्या आसपास उतरतं. तांबडा-निळा प्रकाश थोडा जास्त परततो, म्हणून कॅमेऱ्याच्या जुन्या भिंगांवर जांभळट झाक दिसते. भिंगं बनवणाऱ्या जर्मन त्साइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये ही रीत काढली: निर्वात कक्षात पदार्थाची वाफ करून ती भिंगावर बसवायची. इथे सारा खेळ जाडीचा आहे, आणि जाडी म्हटलं की मराठीत थरच आठवतो.

दुसरं कारण अनेकवचनाचं. आजच्या चष्म्यांवर वेगवेगळ्या ऑक्साइडांचे थर एकावर एक असतात. ‘पाच थर’ सहज म्हणता येतं, ‘पाच मुलामे’ कोणी म्हणत नाही. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या आरशांवर तर सिलिका आणि टँटॅलम ऑक्साइड यांचे थर आलटूनपालटून चढवलेले आहेत. तिथे उद्देश उलटा, जवळजवळ सगळा प्रकाश परतवण्याचा. पण उष्णतेमुळे या थरांतच सूक्ष्म थरथर होते आणि उपकरणाची संवेदनक्षमता तिथे अडते. म्हणून कमी थरथरणाऱ्या पदार्थांचा शोध जोरात चालू आहे. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहायच्या लायगो-इंडियात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सहभागी आहे, तेव्हा हे सगळं मराठीत लिहायची वेळ येणारच.

विलेपन चुकीचं नाही, पण ते क्रियेचं नाव. वर चंदनाच्या उटीची आठवण करून देतं. क्रियेसाठी ठेवावं, वस्तूसाठी नको. लिहिताना ‘भिंगावर परावर्तनरोधी थर चढवला’ असं लिहावं. दुकानात कोटिंगच म्हणावं, तो शब्द आता आपलाच झाला आहे. आरशाच्या बाबतीत मात्र ‘पारा उडाला’ हाच प्रयोग राहू द्यावा, जरी आजच्या आरशामागे पारा नसून चांदी किंवा ॲल्युमिनियम असलं तरी.