आधी ते स्टॉपवॉच बंद करा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला पायलट करायचं आहे. टेकऑफनंतर इंजिन बिघडलं तर वैमानिकाला काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो, असं वाचल्यापासून मी रोज रात्री स्टॉपवॉच लावून त्याच्याकडून गणितं सोडवून घेतो. तो संथ आहे. मागच्या महिन्यात त्याने सराव परीक्षेचे गुण लपवले. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला हे जमेल का?
– एक पालक, सांगली

उत्तर : ‘त्याला पायलट करायचं आहे’ असं तुम्ही लिहिलंत. त्याला व्हायचंय का, हे पत्रात कुठेच नाही. पण मला त्याहून जास्त लागले ते आठ दिवस. चूक उघडी पडली की बाबा बोलायचे थांबतात, एवढंच तो त्यातून शिकला. पुढची चूक तो अधिक सफाईने लपवेल. कॉकपिटमध्ये हीच सवय घातक ठरते. तिथे हातून काही चुकलं, तर त्याच क्षणी शेजारच्याला मोठ्याने सांगावं लागतं.

आता तुमच्या ‘काही सेकंदां’विषयी. 4 नोव्हेंबर 2010 रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं ए-380 हे चार इंजिनांचं प्रवासी विमान सिंगापूरहून सिडनीला निघालं. चारेक मिनिटांत दोन नंबरचं इंजिन फुटलं. तेलाच्या एका छोट्या नळीत बनावटीतलाच दोष होता. तिला तडा गेला, तेल पेटलं, टर्बाइनची चकती फुटली आणि तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. विमानात 469 माणसं आणि पडद्यावर बिघाडांची रांग. कॉकपिटमधल्या पाच वैमानिकांनी काय केलं? विमान स्थिर ठेवलं, घिरट्या घालत राहिले आणि जवळजवळ पन्नास मिनिटं एकेक चेकलिस्ट वाचून, एकमेकांना विचारून पुरी केली. उतरल्यावरही धावपळ नाही. इंधन गळत होतं, ब्रेक तापले होते, एक इंजिन बंदच होईना, म्हणून प्रवाशांना लगेच बाहेर न काढता आतच बसवून ठेवलं. सगळे सुखरूप उतरले. धावपट्टीवर थांबायचं की उडायचं, हा निर्णय मात्र खरोखर क्षणाचा असतो. पण तो कोणत्या वेगापर्यंत घ्यायचा, हे निघण्याआधीच ठरवून एकमेकांना सांगितलेलं असतं. तुमचा मुलगा संथपणे, पण नीट गणित सोडवत असेल, तर तो गुण आहे. तुम्ही तो रोज रात्री मोडून काढताय.

बाकी वाट सरळ आहे: बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर, दोनशे तासांचं उड्डाण. खर्च मोठा आहे, म्हणून फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या.

पण त्याच्याही आधी त्याच्याजवळ बसा आणि त्या आठ दिवसांबद्दल ‘माझं चुकलं’ असं म्हणा. मग त्याला मला पत्र लिहू द्या. ‘मला पायलट व्हायचंच नाही’ असंही तो लिहील. पाकीट त्यालाच बंद करू द्या.