वाचकांचे प्रश्न : कोरा पडदा आणि देवनागरी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून कथा लिहिते. वर्डमध्ये लिहायला बसले की बटणांच्या रांगा, शब्दांखालच्या तांबड्या नागमोडी रेघा आणि कोपऱ्यात उगवणाऱ्या सूचना यांतच तास निघून जातो. फोकसरायटर, आयए रायटर अशा, लक्ष विचलित होऊ न देणाऱ्या एडिटरांची (लिहिण्याच्या प्रोग्रामांची) नावे कानांवर आली आहेत. त्यांपैकी कोणता एडिटर घ्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगितलेल्या तीन त्रासांपैकी दोन तर नवे काही न घेताही मिटतात. तांबड्या रेघा बहुधा आपल्या शुद्धलेखनाच्या नसतात. मराठी मजकुराची भाषा इंग्रजी धरली गेली की वर्ड प्रत्येक शब्दावर रेघ ओढतो, म्हणून मजकुराची भाषा मराठी करावी किंवा लिहिताना ती तपासणी सरळ बंद ठेवावी. कोपऱ्यातल्या सूचना विंडोजच्या असतात, त्या तिथूनच थांबवाव्या लागतात. राहिली बटणे. नव्या वर्डच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फोकस’ आहे. त्याने ती सारी दृष्टीआड होतात आणि ‘एस्केप’ दाबल्यावर परत येतात.

एवढ्यावर समाधान झाले नाही, तर फोकसरायटर घ्यावा, असे माझे मत आहे. तो मोफत आहे, सगळा पडदा व्यापतो, माउस कडेला नेल्याशिवाय मेनू दाखवत नाही आणि रोजच्या शब्दांचे किंवा मिनिटांचे उद्दिष्टही ठरवू देतो. आयए रायटर देखणा आहे, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात.

मराठी लेखकाने मात्र शांततेच्या आधी अक्षरे पाहावीत. अशा एडिटरांची रचना पुष्कळदा रोमन लिपी समोर ठेवून केलेली असते, त्यामुळे ओळींमधली जागा अपुरी पडून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर टेकतो, तर कधी वेलांटीचा माथाच कापला जातो. ‘कुऱ्हाड, कर्तृत्व, मूर्ती, उत्स्फूर्त, वाङ्मय, ॲप’ हे शब्द दोन-तीन ओळी सलग टंकून पाहावेत. गर्दी वाटली तर ओळींतले अंतर दीडपट करावे आणि ‘मुक्त’सारखा मोफत युनिकोड फाँट निवडावा (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक संकेत देणारी पद्धत). चष्मा लावून लिहिणाऱ्यांनी अक्षर मोठे ठेवायला संकोच करू नये. ते छापायचे नसते.

साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिणार असाल, तर ती ‘यूटीएफ-८’ या, युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतच जतन करावी. ‘एएनएसआय’ ही जुनी पद्धत निवडल्यास देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात. विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारित आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतो, त्यापूर्वीच्या संगणकावर ही निवड स्वतः करावी लागते.

आपल्या जुन्या कथा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर त्या नव्या एडिटरात थेट चिकटवू नयेत. त्या फाँटांत आत रोमन संकेत असून वर फक्त मराठी आकार चढवलेले असतात, त्यामुळे फाँट बदलताच निरर्थक अक्षरांची रांग दिसते. आमच्याकडेही अशी एक कथा आली होती आणि ती पहिल्यापासून टंकावी लागली. अशा कथा आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत आणि तोवर मूळ फाइली पुसू नयेत.