अकरा मते आणि एक टाइमलाइन

प्रश्न : मी माध्यम अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी असून प्रकल्पासाठी ३ मिनिटे ४० सेकंदांच्या म्युझिक व्हिडिओचे संकलन करीत आहे. गाण्याचा वेग मिनिटाला १२० बीट (ठोके) आहे आणि मी जवळजवळ प्रत्येक बीटवर कट घेतला आहे, म्हणजे शॉट बदलला आहे. रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, वर्गातील अकरा जणांना दाखवला, तेव्हा काहींना कट फार झपाझप वाटले, काहींना मधला भाग रेंगाळल्यासारखा वाटला, दोघांना गायिकेचे ओठ गाण्याशी जुळत नाहीत असे जाणवले, तर एकाने सगळे रंगच बदलायला सांगितले. यांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आधी ओठांचे पाहा, कारण तो आवडीनिवडीचा विषयच नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या (सुट्या चित्रांच्या) टाइमलाइनवर, म्हणजे संकलनात शॉट ओळीने मांडायच्या पट्टीवर, एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. आवाज चित्राच्या पुढे गेलेला एक-दोन फ्रेमांतच खटकू लागतो. मागे राहिलेला मात्र आपण त्याहून बराच अधिक खपवून घेतो. त्या दोघांना नेमक्या कोणत्या ओळीवर शंका आली ते विचारा. फरक सगळीकडे सारखाच असेल तर क्लिप एखाद-दुसरी फ्रेम सरकवून भागेल. पण लांब शॉटच्या शेवटाकडे तो वाढत जात असेल, तर फ्रेमचा वेग तपासावा लागेल. मोबाइलवरील चित्रीकरणात तो अनेकदा स्थिर नसतो, म्हणून अशा क्लिप आधी स्थिर वेगात रूपांतरित करून मगच टाइमलाइनवर घ्याव्यात.

‘झपाझप’ आणि ‘रेंगाळलेले’ ही मते मला विरोधी वाटत नाहीत. १२० बीटच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला कट पडतो. पहिले कडवे संपेपर्यंत डोळ्याला ती चाल पाठ होते आणि ध्रुवपद येते तेव्हा वेग वाढवायला तुमच्या हाती काही उरलेले नसते. मधला भाग पडतो तो बहुधा सुरुवातीच्या या उधळपट्टीमुळे. पहिल्या कडव्यात एखादा शॉट पूर्ण ओळभर राहू द्या, एखादा कट बीटऐवजी गायिकेच्या श्वासावर किंवा मान वळण्यावर घ्या, आणि मग तोच मधला भाग पुन्हा पाहा. प्रेक्षक कुठे दुखते ते सहसा बरोबर सांगतो. औषध मात्र त्याला विचारू नये.

रंगांचे काम कट पक्के झाल्यावर. रंग बदला म्हणणारा प्रत्येक वर्गात एक तरी असतोच. त्याचे आभार मानून पुढे जावे.

पुढच्या वेळी मते तोंडी घेऊ नका, कारण पहिला जो ठासून बोलतो त्याच्याच मागे बाकीचे जातात. काहीही प्रस्तावना न करता व्हिडिओ दाखवा आणि लक्ष उडाले ती वेळ प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा. चौघांनी १:२० च्या आसपासची वेळ लिहिली, तर अडचण तिथेच आहे. तिथला शॉट मिळवायला तुम्ही भले दुपारभर उन्हात उभ्या राहिला असाल, हे त्यांना ठाऊक नाही आणि ते ठाऊक नसणेच तुमच्या उपयोगाचे आहे. एकट्यानेच लिहिलेली वेळ नोंदवून ठेवा, कात्री लगेच लावू नका. जुन्या कटची प्रत जपून ठेवा. आणि ज्यांनी हा व्हिडिओ अजून पाहिलेला नाही असे दोघे-तिघे दुसऱ्या कटसाठी राखून ठेवा. त्या अकरा जणांना गाणे आता पाठ झाले आहे.