सचिवपद घ्यायच्या आधी कपाट उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी पत्नी कोल्हापुरात प्रॅक्टिस करते. तिच्या वैद्यकीय शाखेच्या डॉक्टरांच्या अखिल भारतीय संस्थेत मानद सचिवपदाला उभी राहा म्हणून ज्येष्ठ मंडळी मागे लागलीत. हे पद नुसतं मिरवायचं की खरंच काम असतं? दवाखाना सांभाळून जमेल का?"

मी डॉक्टर नाही. ठाण्याला राहते आणि गेली १७ वर्षं सकाळची वाशी गाडी पकडून सानपाड्याला उतरते. तिथे अशाच एका संस्थेचं मध्यवर्ती कार्यालय आहे, म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं, एक शिपाई आणि मी. संस्थेचं नाव सांगत नाही, शाखा छोटी आहे, लगेच ओळखू येईल. एवढ्या वर्षांत नऊ सचिव झाले. आमचे सीए म्हणतात, सचिव बदलतात आणि तुम्ही त्यांना कामावर ठेवून घेता.

काम असतं, भरपूर असतं. फक्त ते स्टेजवर दिसत नाही. अध्यक्षांच्या गळ्यात पदक पडतं त्याचा फोटो सगळीकडे फिरतो. सचिवाच्या वाट्याला कपाट येतं. आणि त्या कपाटात काय ठेवलंय, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय ठेवलेलं नाही, यावर तुमच्या मॅडमची दोन वर्षं कशी जाणार ते ठरतं.

कपाट हा शब्द मी उगीच वापरत नाही. मोठ्या संस्थांना पक्कं घर आहे. बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं कार्यालय आमच्याच बाजूला, जुईनगर स्टेशनजवळ आहे. पण पुष्कळ संस्थांचं कार्यालय म्हणजे सचिव जिथे राहतो ते गाव. सचिव बदलला की खोकी ट्रान्सपोर्टने पुढच्या गावाला. दर खेपेला एक खोकं कमी पोचतं. आमच्याकडेही १९९० च्या दशकातली इतिवृत्तांची दोन पुस्तकं अशीच गेली, ती आजतागायत सापडलेली नाहीत. खोल्या घेतल्या त्या नंतर, त्याही नवी मुंबईत, कारण दादरचा भाव ऐकून कार्यकारिणी गप्प बसली होती.

आता नाव अखिल भारतीय असलं तरी कागदावर संस्था एका राज्यातच राहते. महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर दोन कायदे लागतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दुसऱ्यामुळे आपण धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत येतो. निवडणूक झाली, नवी कार्यकारिणी आली, की ९० दिवसांत त्यांच्याकडे चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांची ना-हरकत, प्रतिज्ञापत्र. तो मंजूर झाला की शेड्यूल वनवर, म्हणजे त्यांच्या नोंदवहीतल्या आपल्या संस्थेच्या पानावर, नवी नावं चढतात. तोवर सरकारदरबारी जुनीच माणसं विश्वस्त. संस्था दिल्लीत किंवा दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर तिथले नियम वेगळे, त्यामुळे मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारावा: नोंदणी कुठली?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मी नवी असताना लागोपाठ तीन कार्यकारिण्यांनी चेंज रिपोर्ट भरलेच नव्हते. प्रत्येकाला वाटलं, आधीच्याने भरला असेल. एरवी कुणाचं अडत नव्हतं, चेक वटत होते. मग बँकेत नवे मॅनेजर आले, त्यांनी केवायसी काढली आणि शेड्यूल वनचा ताजा उतारा मागितला. उताऱ्यावर सहा वर्षांपूर्वीची नावं. त्यातले खजिनदार वारलेले, सचिव ब्रिटनला मुलाकडे स्थायिक. खात्यातून पैसे काढणं बंद. परिषद दोन महिन्यांवर आणि हॉलचा दुसरा हप्ता भरायचा होता. अध्यक्षांनी तो स्वतःच्या खिशातून भरला, आणि मग परतफेड होईपर्यंत रोज ओपीडी संपली की मला फोन. सर चांगले होते, पण फोन रोज.

त्यातून सुटायला दीड वर्ष गेलं. एकदम शेवटचा चेंज रिपोर्ट भरून चालत नाही, साखळी जोडत यावं लागतं: पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. खजिनदारांचा मृत्यूचा दाखला मिळवायला त्यांच्या मिसेसना फोन करावा लागला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. त्यांनी दाखला पाठवला, वर विचारलं, "संस्थेचं बरं चाललंय ना?"

तेव्हापासून मी निवडणुकीचा निकाल लागला त्याच सभेत, जेवायला जायच्या आधी, सगळ्यांच्या सह्या घेते. डॉक्टर हसतात. हसू देत. गुवाहाटी, कोची आणि जयपूरला पांगल्यावर त्याच सह्या गोळा करायला तीन महिने लागतात, आणि मुदत तेवढीच आहे.

दुसरं कपाट सदस्यांचं. आजीव सदस्यत्व ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात महागात पडणारी कल्पना. १९८० च्या दशकात एकदाच काहीशे रुपये भरलेल्या माणसाला संस्था पुढची चाळीस वर्षं नियतकालिक, मतपत्रिका आणि परिषदेची पत्रकं पाठवत राहते. त्या रकमा मुदत ठेवीत बाजूला ठेवल्या असतील तर व्याजावर गाडा चालतो. खर्चून टाकल्या असतील तर आजचे तरुण सदस्य कालच्यांचं टपाल भरतात. तेव्हा आजीव सदस्यांचा निधी किती आणि कुठे आहे, हे ताळेबंदात बोट ठेवून बघायचं. पोस्टाने मतदान होतं तेव्हा यादीची खरी परीक्षा पोस्टमन घ्यायचा. परत आलेल्या लिफाफ्यांवर लाल पेनाने शेरे: "मयत", "पत्ता सोडून गेले", "असे कोणी राहत नाही". मी ते गठ्ठे टाकत नसे, एकेक नाव यादीत नोंदवायची. आता मतदान मोबाइलवर. आता पोस्टमनचा शेरा नाही, त्याऐवजी "ओटीपी आला नाही" असे फोन, तेही मतदान संपायला दहा मिनिटं असताना.

मग परिषद, म्हणजे कॉन्फरन्स. संस्थेची चूल तिच्यावर पेटते. एखादी शहर-शाखा यजमानपदाची बिड जिंकते, आयोजन समिती वेगळं खातं उघडते, पण पॅन संस्थेचाच. म्हणजे तिथे जमा झालेला प्रत्येक रुपया आपल्या वार्षिक हिशेबात. परिषदा बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. आयोजक सांगतात, कॅटररचं बिल यायचंय. मग मे, मग जुलै. इकडे धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात, किंवा कशासाठी साठवतोय हे लिहून पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवायचे. ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबरच्या आत. ऑगस्टमध्ये आयोजकांनी मोठी शिल्लक हातावर ठेवली की आनंद होत नाही, घाम फुटतो, कारण ती धरायची सरलेल्या वर्षात. त्यातून परिषद परराज्यात असेल तर तिथे जीएसटीची तात्पुरती नोंदणी, ९० दिवसांची, कर आगाऊ भरून. कंपन्यांना दिलेल्या स्टॉलवर जीएसटी १८ टक्के. सदस्यांच्या वर्गणीचं तर विचारूच नका. "आमच्याच संस्थेला पैसे द्यायचे, त्यावर कर कसला?" असं सगळे विचारतात. २०२१ साली जीएसटी कायद्यात बदल करून संस्था आणि तिचे सदस्य वेगळे धरले, म्हणजे वर्गणीवरही कर, तेही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आयएमएच्या (इंडियन मेडिकल असोसिएशन) केरळ शाखेच्या खटल्यात ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. तेव्हा कुठला निर्णय धरून चालायचं ते सीएकडून लेखी घ्या, तोंडी नको.

कंपन्यांच्या पैशांबद्दल मॅडमना आत्ताच मन पक्कं करावं लागेल. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे आचारनियम काढले. औषध कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांत डॉक्टरांनी भाग घ्यायचा नाही, असं त्यात होतं. २३ ऑगस्टला ते स्थगित झाले आणि २००२ चे जुने नियम पुन्हा लागू. त्या तीन आठवड्यांत माझा फोन खाली ठेवला गेला नाही: परिषद होणार का, स्टॉलचे पैसे परत मिळणार का. मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी विपणनाची संहिता आली. आता त्या परिषदेला पैसे देऊ शकतात, पण परदेशात कार्यक्रम नाही, वक्ता नसलेल्या डॉक्टरांचं तिकीट-हॉटेल नाही, आणि केलेला खर्च स्वतःच्या संकेतस्थळावर दाखवायचा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हे बरंच झालं. पूर्वी कुठल्या कंपनीचा लोगो केवढा, यावर कार्यकारिणीची संध्याकाळ जायची. आता करारात लिहिलेलं असतं, वाद घालायला काही उरत नाही.

क्रेडिट पॉइंटचं, म्हणजे परिषदेला हजर राहिल्याबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या गुणांचं, काम किरकोळ वाटतं, पण शिव्या त्यावरूनच जास्त खाव्या लागतात. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात. परिषदेआधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे विषय, वक्ते, वेळ देऊन अर्ज करायचा, मग त्यांचे निरीक्षक येऊन बसतात. हजेरीची सही करून खरेदीला गेलेले डॉक्टर संध्याकाळी माझ्याकडे प्रमाणपत्र मागायला येतात.

वार्षिक सभेबद्दल एकच. ती बँक्वेटच्या आधी असते, कोरम नसतो, अर्धा तास तहकूब होते आणि त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू होते. त्या अर्ध्या तासात सदस्य एरवी न बोलणाऱ्या गोष्टी बोलतात. मॅडमनी तेव्हा चहाला न जाता तिथेच बसावं.

सगळंच रडगाणं नाही. आमच्या एका सचिव मॅडमनी दोन वर्षं चिवटपणे तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांसाठी आठ पानी उपचार-मार्गदर्शिका काढली, मराठी आणि हिंदीत. कार्यकारिणीत कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आज कार्यालयात सर्वात जास्त मागणी तिचीच येते, आणि मागणाऱ्यांपैकी निम्मे आमचे सदस्यही नाहीत.

दवाखाना सांभाळून जमेल का? एरवी रोज तासभर, रात्री दहानंतर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तीन तास धरा, आणि महिन्याला एखादा प्रवास. मानद म्हणजे बिनपगारी, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. मॅडमनी होकार द्यायच्या आधी एक दिवस कार्यालयात जाऊन बसावं. मावळत्या सचिवांबरोबर नाही, तिथे जे कोणी रोज येतं त्यांच्याबरोबर. शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट, मागच्या परिषदेचे अंतिम हिशेब, सदस्य-यादी शेवटची कधी तपासली त्याची तारीख, एवढं मागावं. तीन्ही पाच मिनिटांत टेबलावर आली तर बिनधास्त उभं राहा म्हणावं. शोधाशोध सुरू झाली तर चहा पिऊन निघावं. आणि जाता जाता त्या माणसाचा पगार वेळेवर होतो का, तेही विचारावं.