मंगळवार दुपारचं गणित

प्रश्न: मी ३६ वर्षांचा, माजी कबड्डीपटू. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागलो, सध्या पोस्टिंग मिरजेत, हातात महिना ७२ हजार येतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळ सुटला. एफडीत ३० लाख, म्युच्युअल फंडात १४ लाख, सांगलीतल्या घरावर कर्ज नाही. मुलं ८ आणि ५ वर्षांची. सांगली-मिरज रस्त्यावर ६ हजार चौरस फुटांचा गाळा मिळतोय. तिथे ट्रॅम्पोलिन, सॉफ्ट प्ले, व्हिडिओ गेम आणि वाढदिवसाचा हॉल असा फॅमिली झोन काढायचाय. खर्च ७८ लाख: एफडीचे ३०, सोनं तारण ठेवून ८, घरावर कर्ज ४०. राजीनामा द्यावा की पत्नीच्या नावावर सुरू करावं? मालक दसऱ्याला २ लाख टोकन मागतोय. सचिननंही या धंद्यात पैसे घातले होते.

उत्तर: नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण खरी भुरळ तिथेच पडलेली दिसते.

सचिन तेंडुलकरनं पैसे घातले ते 'स्मॅश' या गेमिंग सेंटरमध्ये. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २०१२ साली ते सुरू झालं. पुढे कर्ज थकलं, २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५ मध्ये नझारा टेक्नॉलॉजीज या गेमिंग कंपनीनं ती घेतली. खोपोलीची इमॅजिका, ती थीम पार्कवाली, तीही आठवा. २०१३ ला उघडली, २०१५ च्या आयपीओत शेअर १८० रुपयांना दिला, नंतर कर्जाच्या ओझ्याखाली तोच शेअर एक आकडी भावावर आला. २०२२ मध्ये ती आपल्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. दोन्हीकडे लोक येत नव्हते असं नाही. पण लोक सुट्टी बघून येतात, हप्त्याला सुट्टी नसते. आणि सचिननं त्यात घर तारण ठेवलं नव्हतं, तुम्ही ठेवताय.

आता पत्रासोबतची तुमची एक्सेल शीट. रोज १५० मुलं, ३५० रुपये तिकीट, ३० दिवस, म्हणजे पावणेसोळा लाख. हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. माझ्या एका अशिलाचा असाच झोन आहे, दुसऱ्या शहरात. मागच्या वर्षी त्यांचे हिशेब बघायला मंगळवारी दुपारी तीनला गेलो होतो. एसी चालू, गाणी चालू, काउंटरवर दोन मुली, आत तीन पोरं. त्यातली दोन तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींची. रविवारी त्याच जागी चपला ठेवायला जागा नसते.

म्हणून रोजची सरासरी काढू नका, वार वेगळे करा. शनिवार-रविवार महिन्यात आठ दिवस, दिवसाला १६० मुलं धरू, ही मी हात सैल सोडून धरतोय. उरलेले २२ दिवस २५ मुलं. झाली १,८३० तिकिटं, ६ लाख ४० हजार. तिकिटावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही विसरलात, तो काढला की ५ लाख ४३ हजार. वाढदिवस महिन्याला बारा, नऊ हजारांचे, त्यांतलाही कर वजा जाता ९२ हजार. एकूण ६ लाख ३५ हजार.

खर्चाकडे या. ४५ रुपये फुटानं भाडं २ लाख ७० हजार. (त्यावरचा जीएसटी तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वळता होतो, म्हणून तो धरत नाही.) अकरा माणसांचा पगार १ लाख ४३ हजार, वीज ६५ हजार, दुरुस्ती ३० हजार, जाहिरात आणि विमा २५ हजार. म्हणजे ५ लाख ३३ हजार. उरले १ लाख २ हजार. ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ६७ हजार ४००. हातात राहतात ३५ हजार, म्हणजे आजच्या पगाराच्या निम्मेसुद्धा नाहीत. शिवाय सोनं तारणाचं व्याज आणि आयकर मी यात धरलेलाच नाही.

आणि हा बरा महिना आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आल्या की शनिवारही ओस पडतो. मे महिना भरून काढेल, पण त्याच महिन्यात निम्मी गिऱ्हाइकं आजोळी गेलेली असतात. दुसरं वर्ष तर वेगळंच, नव्याचे नऊ दिवस संपले की तीच मुलं 'आता नवीन काय?' विचारतात. सांगली-मिरज मिळून महिन्याला ३५० रुपये सहज काढणारी घरं मोजकीच, आणि पहिल्या सहा महिन्यांत ती सगळी येऊन गेलेली असतील. तोवर जाळ्या फाटतात, स्प्रिंगा सैल होतात, फोमला पायांचा वास लागतो. खरं सांगू? त्या अशिलाच्या झोनमध्ये सगळ्यात भरवशाची कमाई ग्रिपवाल्या मोज्यांची होती.

७८ लाखांत गाळ्याचं डिपॉझिट मला कुठे दिसलं नाही. सहा महिन्यांचं म्हटलं तरी १६ लाख २० हजार. ते आले की म्युच्युअल फंडही मोडणार, मग मुलांसाठी मागे काय राहिलं? ४६ लाखांचं खेळण्यांचं कोटेशन तुमच्या मेहुण्यांच्या ओळखीतून आलंय. मेहुण्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण आणखी दोन ठिकाणची कोटेशनं घ्या, आणि ती वहिनींनी मागवावीत.

आता नोकरी. राजीनामा दिला की पगाराबरोबर रेल्वेच्या दवाखान्याची सोयही जाते. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासह बाहेर नवा आरोग्य विमा घेऊन बघा, कंपनी काय काय विचारते ते. एनपीएसमधून, म्हणजे तुमच्या पेन्शन योजनेतून, मुदतीआधी बाहेर पडलात तर मोठा हिस्सा, ८० टक्के, ॲन्युइटीतच (हप्त्यांनी पेन्शन देणाऱ्या योजनेत) अडकतो.

पत्नीच्या नावावर काढणं वाटतं तितकं सरळ नाही. रेल्वे सेवा आचरण नियमांतला १५ वा नियम काढून वाचा. मंजुरीशिवाय तुम्ही स्वतः धंदा करू शकत नाही, आणि घरातल्या कुणी धंदा केला तर कार्यालयाला कळवावं लागतं. घरच्यांच्या धंद्यासाठी तुम्ही गिऱ्हाईक गोळा करणंही त्यात अडचणीचं ठरू शकतं. तुमची सगळी योजना मात्र पोस्टरवरच्या तुमच्या फोटोवर उभी आहे. नोकरी ठेवली तर चेहरा वापरता येत नाही, चेहरा वापरायचा तर नोकरी सोडावी लागते. ही गाठ तुम्ही पत्रात अलगद ओलांडून गेलात.

गाळ्याचे फोटो पाठवलेत, बरं केलंत. पुढे एकच शटर दिसतंय, मागची भिंत सलग आहे. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली, २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) नव्हती, आत वेल्डिंग चालू होतं आणि त्या दिवशी ९९ रुपयांची सवलत होती म्हणून गर्दीही होती. सॉफ्ट प्ले म्हणजे फोम, रेक्झिन आणि प्लास्टिकचे हजारो बॉल. मागे दुसरा दरवाजा काढायला मालक लेखी तयार नसेल तर या गाळ्यावर पुढचं बोलणंच नको, भाडं निम्मं केलं तरी.

माझं मत: हा झोन, या गाळ्यात, या कर्जावर नको. पण वहिनी मेडिकल स्टोअरचे हिशेब सात वर्षं सांभाळतात असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते वाक्य मला सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाटलं. त्यांच्या नावावर, कार्यालयाला रीतसर कळवून, दोन-अडीच हजार फुटांत फक्त दहा वर्षांखालच्या मुलांचं सॉफ्ट प्ले आणि एक वाढदिवसाची खोली करता येईल. डिपॉझिट धरून २२ लाखांच्या वर जायचं नाही, ते एफडीतूनच घालायचे. उरलेले ८ लाख घराच्या वर्षभराच्या खर्चासाठी. फंडाला, सोन्याला, घराला हात नाही. ठरावीक भाड्याऐवजी मालकाला कमी किमान रक्कम आणि विक्रीतला वाटा असं विचारून बघा. रिकाम्या गाळ्याचे मालक हल्ली ऐकतात. २२ लाख बुडाले तर वाईट वाटेल, पण मुलं त्याच घरात झोपतील.

२०१४ च्या प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला होता. तुमचे ४४ लाख कोणत्या काळात आणि किती सीझन घासून जमलेत याची मला कल्पना आहे, म्हणून इतकं कडक लिहिलं.

दसऱ्याचं टोकन देऊ नका. त्याआधीचे चार मंगळवार कोल्हापुरातल्या एखाद्या चालू झोनसमोर दुपारी तीन ते सहा गाडी लावून बसा, आत जाणारी मुलं वहीत मांडा. आणि मालकाला फोन करून एवढंच विचारा की लॉक-इन, म्हणजे गाळा न सोडण्याचं बंधन, किती वर्षांचं, आणि मध्येच सोडलं तर उरलेलं भाडं कोण भरणार. तो काय म्हणतो ते मला कळवा.