ऑल्टो के-टेनला वॅगन आरचा ड्राइव्हशाफ्ट चालेल का?

प्रश्न असा आहे की ऑल्टो के-टेनचा डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी चाकापर्यंत नेणारा दांडा) गेलाय, नवीन महाग पडतोय, आणि मेकॅनिक म्हणतोय भंगारात वॅगन आरचा पडलाय, इंजिन दोघींचं एकच आहे तर चालून जाईल. चालेल का?

इंजिन एकच आहे हे बरोबर. २०१० ची के-टेन आणि त्याच साली आलेली वॅगन आर, दोघींना ९९८ सीसीचं तीन सिलिंडरवालं तेच इंजिन, ६८ पीएस पॉवर आणि ९० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद. पण त्यावरून एवढंच कळतं की शाफ्ट ताकदीला कमी पडणार नाही. स्विफ्ट पेट्रोलचा शाफ्ट डिझेलला टाकायचा म्हटलं असतं तर मी तिथंच थांबवलं असतं, कारण २०१८ च्या स्विफ्टमध्ये पेट्रोलला ११३ एनएम होता आणि डिझेलला १९०. तुमच्या केसमध्ये तो प्रश्न नाही. प्रश्न वेगळाच आहे, शाफ्टचं एक टोक गिअरबॉक्समध्ये जातं आणि दुसरं चाकाच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), मधलं अंतर किती ते लोअर आर्म (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा हात) आणि गाडीची रुंदी ठरवते, आणि या दोन गाड्यांचा खालचा सांगाडा एक नाही. इंजिन तिथं बोलतच नाही.

माझं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात. आमच्याकडं हा उद्योग बरेच जण करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पार्ट नंबर बघा. दुकानात चॅसिस नंबर दिला की तुमच्या गाडीचा नंबर निघतो. मारुतीच्या नंबरात सुरुवातीचे पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात आणि त्यापुढं मॉडेलचा कोड येतो. दोन्ही गाड्यांना अख्खा नंबर सेम निघाला तर विषय संपला, डोळे झाकून टाका. नुसते पहिले पाच जुळले तर त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही ड्राइव्हशाफ्टच आहेत. काउंटरवाला "बसतोय की" म्हणाला तरी नंबर दाखव म्हणायचं, लाजायचं नाही.

नंबर वेगळा निघाला आणि तरी करायचंच असेल तर जुना आणि तो भंगारातला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. हबकडचे दाते मोजा, गिअरबॉक्सकडचे मोजा, आणि नुसती संख्या नाही तर व्हर्नियर लावून जाडीपण बघा, कारण दाते तेवढेच पण जाडी वेगळी असं होतं आणि मग कोणीतरी हातोडीनं ठोकून बसवतो. जिथं ऑइल सील घासतं तो भाग किती जाड आहे ते बघा, अर्धा मिलिमीटर बारीक असला तरी गिअर ऑइल ठिबकत राहणार. लॉकची (शाफ्ट जागेवर अडकवून ठेवणाऱ्या रिंगची) खाच टोकापासून किती आत आहे तेही बघा, हबच्या नटाचे आटे बघा. आणि डावा उजवा एकमेकांत चालत नाही हे माहीत असेलच, गिअरबॉक्स मध्यावर नसतो म्हणून एक लांब एक आखूड.

आता लांबी. इथंच खरी गंमत आहे आणि इथंच सगळे फसतात, कारण गाडी जॅकवर असताना शाफ्ट मस्त बसतो. आतला जॉइंट, ज्याला आपण ट्रायपॉड म्हणतो, त्यात तीन रोलर असतात आणि ते दुर्बिणीच्या नळीसारखे आत बाहेर सरकतात. बाहेरचा सहा गोळ्यांचा जॉइंट नुसता वळतो, पंचेचाळीस अंशाच्या आसपास वळतो पण सरकत नाही. म्हणजे चाक वर खाली झालं की जी काही लांबी कमी जास्त व्हायची ती सगळी आतल्या जॉइंटनं सांभाळायची. लोअर आर्म फिरतो एका बिंदूभोवती, शाफ्ट दुसऱ्या, त्यामुळं चाक खड्ड्यात गेलं की अंतर बदलणारच. शाफ्ट लांब असेल तर चाक वर दाबलं गेलं की रोलर जॉइंटच्या तळाला जाऊन आपटतात, आणि तो धक्का सरळ डिफरन्शियलच्या (गिअरबॉक्समधला, दोन चाकांना फिरकी वाटून देणारा भाग) बेरिंगला, केसिंगला. आखूड असेल तर चाक लोंबकळलं की रोलर कडेवर येतात, कधीतरी बाहेरच निघतात. एका बाजूचा शाफ्ट निघाला की गाडी जागची हलत नाही, कारण साधा डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला सोडून देतो. वर हे कोणी सांगत नाही की मग गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडीसुद्धा उतारावर थांबत नाही, नुसता हँडब्रेक उरतो. आंबा घाटात हे झालं तर काय, विचार करा.

मोजायची पद्धत अशी की चाक काढा, स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बर एकत्र असतात तो खांब) स्प्रिंग काढून नुसता शॉकअ‍ॅब्झॉर्बर लावा (स्प्रिंग असेल तर आर्म पूर्ण वर जातच नाही, गाडीच उचलली जाते). स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर हा नाद करू नका, ती दाबलेली स्प्रिंग उडाली तर हात जातो. शाफ्ट लावा, आतल्या बूटची (जॉइंटवरच्या रबरी आवरणाची) मोठी क्लिप सोडून ठेवा, मग आर्म पूर्ण खाली सोडून शाफ्ट आत बाहेर ढकलून बघा, नंतर जॅकनं आर्म वर बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे चाक वर जाऊन अडतं त्या रबरापर्यंत नेऊन परत बघा, दोन्ही बाजूला स्टिअरिंग पूर्ण कापूनही बघा. प्रत्येक ठिकाणी दोन्ही दिशेनं निदान पाच मिमी हालचाल उरली पाहिजे असं मी धरतो. नाही उरली तर तो शाफ्ट त्या गाडीचा नाही.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का तुमच्याला, ते लिहिलेलं नाही. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, त्याआधी व्हेरियंटवर होतं. बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवर दात्यांची रिंग असते, सेन्सर तीच वाचतो. बिन-एबीएसवाल्या गाडीचा शाफ्ट टाकला तर लाइट पेटून राहणार, आणि रिंग आहे पण दाते वेगळे असतील तर ते जास्त वाईट, कॉम्प्युटरला वाटतं हे एकच चाक वेगळ्या स्पीडनं फिरतंय आणि हळू ब्रेक मारतानाही पेडल थरथरतं.

कोणीतरी सांगेलच की कापून वेल्डिंग करून लांबी जमवू. नका करू. शाफ्टचा गज वरून हार्डन केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचा भाग कुठं ठिसूळ होतो कुठं मऊ पडतो, आणि बाहेरून ग्राइंडर मारून रंग दिला की काही कळत नाही. माझ्याकडं टो होऊन आलेल्या एका गाडीत असाच जोडलेला शाफ्ट होता, वेल्डिंग शाबूत आणि त्याच्या बोटभर बाजूला तुटलेला. लांबी बदलायचीच असेल, म्हणजे झेनमध्ये एस्टीमचं १.३ इंजिन बसवणारे हौशी लोक असतात तसं काही असेल, तर इएन २४ (एक मजबूत पोलाद) चा नवा गज बनवून दाते पाडून हीट ट्रीटमेंट करून घ्यायची, किंवा आतला जॉइंट एका गाडीचा आणि बाहेरचा दुसरीचा असा मधल्या गजाचे दाते जुळवून शाफ्ट बांधायचा. प्रोजेक्ट गाडीला तो खर्च ठीक आहे, रोज ऑफिसला नेणाऱ्या के-टेनला कशाला?

तुमच्या जागी मी असतो तर आधी विचारलं असतं की गेलंय नक्की काय. वळताना टकटक येत असेल तर बाहेरचा जॉइंट, सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरत असेल तर बहुतेक आतला. गज सहसा जात नाही. बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, पाणी आणि माती शिरते आणि जॉइंट खलास, पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या गाड्यांचं हे नेहमीचंच. बाहेरचा जॉइंट बूट, लॉक आणि ग्रीससकट किटमध्ये सुटा मिळतो, पूर्ण शाफ्टपेक्षा बराच स्वस्त, आणि तो तुमच्याच गाडीचा असतो. तुमचा मेकॅनिक अख्खा शाफ्ट बदलायला बघतोय कारण त्यात त्याचा वेळ वाचतो, बाकी काही नाही.

काहीही टाकलंत तरी सील नवीन, लॉक नवीन, हबचा नट नवीन घ्या आणि टॉर्क रेंचनंच आवळायला सांगा. शाफ्ट बाहेर असताना गाडी त्या चाकावर उतरवून ढकलू देऊ नका, हबचं बेरिंग त्या नटानंच आवळून धरलेलं असतं, ते खराब होतं. शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडतं ते परत लेव्हलला भरलं का हे तिथंच उभं राहून बघा, हे विसरून आलेले गिअरबॉक्स माझ्याकडं शाफ्टपेक्षा जास्त येतात.